डब्याला आवतन

दादा पुण्याला निघाला तेव्हा बाबा म्हणाले होते, "चालला तं मांगं पाहू नको." बाप तसा लेक. दादाने खरंच मागे पाहिलं नाही, घरचा फोनसुद्धा उचलला नाही. माझी-त्याची भेट व्हायची ती फक्त ठोकळ्यांच्या एका ऑनलाइन खेळात. तिथे आम्ही डोंगर फोडायचो, घरं बांधायचो. मी घरचं काही लिहिलं की तो गुपचूप निघून जायचा, म्हणून मी लिहिणंच सोडलं.

पण खेळ चालायचा माझ्या लॅपटॉपवर. मी झाकण मिटलं की त्याचंही जग मिटायचं. मी दिवसभर आर्णीला नोकरीवर आणि त्याची ड्यूटी कधी दिवसा, कधी रात्री. शेवटी एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमधून जुना कॉम्प्युटर, नुसता डबाच, आणला. हा फक्त खेळाचा सर्व्हर, दुसरं काही काम नाही असं ठरवलं आणि कापसाच्या खोलीत मांडला, कारण राउटर त्याच भिंतीवर होता. कधी मेमरी पुरेना, कधी राउटर बाहेरच्या माणसाला आत घेईना, कधी पंख्यात कापूस अडकून डबा तापे. मी चिडून दोनदा तो उकिरड्यावर टाकायला निघाले होते. मग दिवाळीच्या तोंडावर एका दुपारी पडद्यावर ओळ उमटली, दादा आत आल्याची. मला रडूच आलं.

त्या दिवाळीनंतर मी कापसाच्या ढिगावर पडून पंख्याची घरघर ऐकत राहायची. डोळे मिटत आणि वाटे, या डब्यात आत्ता ऊन कलतंय, पाऊस येऊन जातोय आणि दादा एकटाच हिंडतोय. त्याने तिथे विहीर बांधली, कडुनिंब लावला, एक गोठा उभारला. आमचंच शेत होतं ते. मी काही विचारलं नाही.

आई दारातून डोकावायची. "आला का वं?"

"आला."

"काय करून राह्यला?"

"विहीर बांधून राह्यला."

"जेवला का विचार ना त्याले."

"विचारलं तं पळून जाते थो."

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आईने बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळली आणि म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." जाता जाता हळदीचं एक बोट तिने डब्यालाही लावलं. मला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी बैल घेऊन पोळ्यात गेलो. परत आलो तर खोली गप्प. बोर्डाचं बटण बंद.

"मीनं केलं बंद," आई म्हणाली. "आज बैलाच्या मानेवर जू नाही ठेवत. हे बिचारं तं रातदिवस राबून राह्यलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सणाच्या दिवशी दादा खेळात हमखास यायचा. आता त्याला वाटणार, हिनेही दार लावलं. मग तो कशाला परत येतोय!

तेवढ्यात आईचा फोन वाजला. तिचे हात पुरणाचे, म्हणून मीच तो स्पीकरवर ठेवला.

"आई, बंद काहून आहे? बरे आहा ना सारे?" दादाचा आवाज इतक्या दिवसांनी घरात आला होता.

"बरे आहो. त्याले सुट्टी देल्ली. पोळा आहे ना रे."

मग दादाने हळूच विचारलं, "शिंगं कोणं रंगवले?"

ते काम दरवर्षी त्याचं असायचं. आईने अंगणाकडे पाहिलं. बाबा बैलांचे दोर धरून उभे होते. ते आमच्याकडे न वळताच म्हणाले, "सांग त्याले, मीनं रंगवले. वाकडेतिकडे झाले."

"फोटो पाठवा," दादा म्हणाला.

"फोटोत काय दिसते?" बाबांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला. "येऊन पाह्य म्हणा."

मी खोलीत पळाले आणि डबा सुरू करायला बोर्डावर हात ठेवला. बाहेर आई विचारत होती, "जेवला का रे?" आणि दादा तिला काय जेवला ते सांगत होता. मी हात मागे घेतला. राहू दे आज सुट्टी.