विचारणारे आप्पा

फोटो काढण्याआधी आप्पा कॅमेरा छातीशी धरायचे, लेन्स जमिनीकडे वळवायचे आणि विचारायचे, "काढू का?"

सुरतेतल्या आमच्या छोट्या वर्तमानपत्राचे ते फोटोग्राफर, मूळचे धुळ्याकडचे. मी बातमीदार. त्यांच्या या सवयीनं आमची कामं खोळंबायची. कतारगामच्या एका चहावाल्यानं केस रंगवलेले नाहीत म्हणून नकार दिला, तर आप्पा पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले. तापीकाठी बसलेल्या एका जोडप्याला विचारलं, तेव्हा दोघांनी घाबरून हात जोडले आणि वर खारे शेंगदाणे दिले. आप्पा ते खात खात ऑफिसात आले, फोटोशिवाय. संपादक चिडले की आप्पा शांतपणे म्हणायचे, "चेहरा त्यांचा आहे, साहेब."

मग सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, आग लागली. गेटबाहेर एक खानदेशी बाई मातीत बसली होती. तिचा तरुण मुलगा आत दगावला होता. अशा ठिकाणी काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल. सगळे कॅमेरे तिच्यावर रोखलेले. आप्पा एकटेच तिच्यासमोर उकिडवे बसले आणि अहिराणीत विचारलं. तिनं नको म्हटलं. आप्पा उठले आणि तिला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी आमच्या पहिल्या पानावर तीच होती. पदर सुटलेला, हंबरडा फोडताना. संपादकांनी तो फोटो दुसऱ्या कुणाकडून घेतला होता. पुढे तोच मोबाइलवरून गावोगाव फिरला.

मुलाचे दिवस करून ती आमच्या ऑफिसात आली. सगळ्यांवरून नजर फिरवून आप्पांपाशी थांबली.

"भाऊ, मी तुले नही म्हनेल व्हतं ना?"

तो फोटो यांचा नाही, हे सांगायला मी उठले. आप्पांनी हातानंच मला खाली बसवलं.

"चुकनं, माय," ते म्हणाले.

ती भांडली नाही. गावाकडं सगळ्यांनी आपल्याला तसं पाहिलं, एवढंच म्हणाली. त्या गर्दीतला एकच चेहरा तिच्या लक्षात राहिला होता, कारण विचारायला तेवढा एकच तिच्या जवळ आला होता.

तिला रिक्षात बसवून द्यायला आप्पा खाली गेले, ते पुन्हा वर आलेच नाहीत. पुढे गावी गेले आणि तिथंच वारले. मला मात्र ते अजून आमच्या जिन्यातच दिसतात. पुढे ती बाई, आणि मागून, मान खाली घालून, तिच्या चालीनं सावकाश उतरणारे आप्पा.