डावीकडे फिरणारी चावी

खेळण्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे चावीकाका म्हणायचे. कामाला वाघ, बोलायला मात्र महाकंजूष. बेडूक, माकडं, बदकं, चावीवर चालणारं काय म्हणून त्यांनी केलं नव्हतं? निवृत्तीला चार महिने उरले आणि विमानाने त्यांना झपाटलं.

चावी द्यायची, टेबलावर सोडायचं. चाकं धावणार आणि कडेवरून सुटलं की विमान चार हात तरंगत जाणार. बोलायला काय जातंय? जाड स्प्रिंग घातली की विमान जड, पातळ घातली की थेट नाकावर. शेपूट सात वेळा बदललं. आठव्या शेपटीने विमान अलगद जमिनीवर उतरलं, तेव्हा मुकादमाने स्वतः टाळ्या वाजवल्या. मग हौसेने चावी द्यायला गेला आणि थांबला.

"काका, ही डावीकडे फिरते."

"हो."

"अहो, अख्खं जग उजवीकडे फिरवतं. तुमचंच गाडं उलटं का?"

काकांनी विमान उचलून कपाटात ठेवलं. मुकादमाने जवळच्या शाळेतली दहा मुलं बोलावली, तर नऊ जणांनी चावी उजवीकडेच पिळली. वरून निरोप आला, चावी उजवीकडे करा. काकांनी मुकाट्याने केली. पहिलं विमान तेवढं डब्याच्या पिशवीत घालून घरी आणलं.

त्यांची लेक डावखुरी. सहा वर्षांची असताना तिने बापाच्या नव्या बदकाला चावी दिली, तिच्या हाताला येईल तशी, डावीकडे. स्प्रिंग तुटली. दुसऱ्या दिवशी ते बदक साहेबांना दाखवायचं होतं. काकांनी तिच्या डाव्या हातावर फूटपट्टी हाणली. पोर रडली नाही, पण पुन्हा कधी कुठल्या खेळण्याला तिने चावी दिली नाही. बापाला वाटलं, चला, शहाणी झाली. कसली शहाणी, कपाळ! ती मोठी झाली, लग्न करून साता समुद्रापलीकडे गेली. तिचा फोन यायचा तो आईला. "बाबा बरे आहेत ना?" एवढीच बापाची चौकशी. तिच्या आवाजासाठी काका शेजारच्या खोलीत पेपर उघडून बसायचे आणि एक ओळ वाचायचे नाहीत.

"नातीला पाठवतोय," विमान खोक्यात बांधताना ते म्हणाले.

"चिठ्ठी तरी घाला," बायको म्हणाली.

"काय लिहू?"

"इतकी वर्षं पोटात ठेवलंय ते."

त्यांनी कोरा कागद घेतला, घडी केली आणि पंखाखाली टेकू म्हणून लावला.

महिन्याने फोन आला. बायकोने तो त्यांच्या हातात दिला.

"बाबा, तुमची नात रुसलीय. तिला चावीच देता येत नाही. दर वेळी मला बोलावते."

"उजव्या हाताची आहे होय ती."

"हो. मुद्दाम डावीकडे केलीत?"

"हो."

मागून पोरीची हाक आली, "आई, पुन्हा." मग चावीची करकर ऐकू येऊ लागली. काका सवयीने फेरे मोजत होते. दहा, अकरा, बारा.

"बास, आता जास्त पिळू नकोस," त्यांच्या तोंडून निघून गेलं. करकर थांबली.

"पीळ," ते म्हणाले. "पीळ गं तू. तुटली तर तुटू दे."