मांजरीसाठी की मांजरीपासून

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातल्या त्या दुकानावर 'यू. आर. वेल्डिंग वर्क्स' अशी पाटी आहे. यू म्हणजे उमेश, असा गिऱ्हाइकांचा समज आहे आणि मालकाने तो कधी मोडून काढला नाही. मालकाचं खरं नाव उखर्डू. त्याच्या आधीची तीन भावंडं वर्षाची व्हायच्या आतच गेली. म्हणून हा जन्मल्याबरोबर आई रंभाबाईने त्याला सुपात घालून उखर्ड्यावर, म्हणजे गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर, नेऊन ठेवलं. शेजारणीने उचललं, आणि रंभाबाईने तिला सूपभर कोंडा देऊन आपलंच पोर विकत घेतलं. टाकून दिलेल्या मालाकडे मृत्यू ढुंकून बघत नाही, अशी समजूत. समजूत खरी ठरली असावी, कारण उखर्डूला यंदा त्रेसष्टावं लागलं. पण शाळेत हजेरी घेताना मास्तर त्या नावाशी जरा थांबायचे आणि वर्गाला हसायला तेवढं पुरायचं. तेव्हापासून उखर्डू हे नाव सणासुदीच्या कपड्यांसारखं घडी करून ठेवत आला, फरक इतकाच की सण कधी आला नाही.

आता तर ते नाव घ्यायला माणूसही उरलं नव्हतं. बायको लीला नवऱ्याचं नाव घेत नाही. अडतीस वर्षांत तिने ते दोनदा घेतलं, तेही उखाण्यात आणि यमक न जुळवता. बाकीचे लोक त्याला 'भाऊ' म्हणतात नाहीतर 'काका'. रंभाबाई होती तोवर मात्र दिवेलागणीला दारात उभी राहून रोज हाक मारायची, "उखर्डू रेऽ, घरात ये!" चौथं पोर रस्त्यावर ठेवायची तिची छाती नव्हती. पोराला मिशा आल्या, त्याचं लग्न झालं, त्याला पोरं झाली, तरी हाक चालूच. गल्ली नक्कल करायची. उखर्डूला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण तो हातातलं टाकून घरात जायचा. तिला जाऊन अकरा वर्षं झाली.

दुकानासमोरच्या घरात वरच्या मजल्यावर मृणाल भाड्याने राहते. शाळेत गणित शिकवते, एकटीच असते आणि मांजरी पाळते. मांजरींची नावं राणी, मोहिनी, सोनपरी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातली गत. राणी केळीच्या ट्रकखाली आली. मोहिनीला कुत्र्यांनी ओढलं. सोनपरी दूध पिऊन बाहेर पडली ती आलीच नाही. चौथीचं नाव मृणालने महाराणी ठेवलं. राणी पुरी पडली नव्हती, म्हणून बढती.

एका दुपारी ती दुकानात आली. "काका, गच्चीवर जाळी पाहिजे. मांजरीसाठी."

"मांजरीसाठी की मांजरीपासून?"

प्रश्न रास्त होता. उखर्डूने आयुष्यभर दुधाची जाळीची कपाटं केली, कबुतरांची खुराडी केली, पोपटांचे पिंजरे केले. मांजर बाहेर राहावं म्हणून बुऱ्हाणपुरात जे जे करता येतं ते सगळं केलं. मांजर आत राहावं म्हणून कुणी काही मागितलं नव्हतं.

"साठी. ती आत राहील, फिरेल, ऊन खाईल. बाहेर नाही जाणार."

"म्हंजे जेल."

"जेल नाही काका, आंगण." तिने मोबाइल पुढे केला. परदेशातलं एक मांजर जाळीच्या आत फळीवर बसून तहसीलदारासारखं जगाकडे बघत होतं. "आमची खोलीत कोंडलेली असते. खात नाही, दिवसभर खिडकीशी रडते. डॉक्टर म्हणतात, हिला हवा द्या. बाहेर सोडली तर मरते, आत ठेवली तर सुकू राहिली." मग जरा थांबून म्हणाली, "हीपण गेली ना काका, तर मी परत नाही पाळणार. मेरे बस का नहीं है अब."

उखर्डूने टेप काढली.

छत नको, आभाळ मोकळं पाहिजे, असं ठरलं. चारी बाजूंनी माणसाच्या उंचीची जाळी, आणि वरचा हातभर काठ पंचेचाळीस अंशांत वाकवायचा. वाकलेल्या काठावरून मांजराला जाता येत नाही. उखर्डूने चार दिवस काम केलं. पंजाला लागू नये म्हणून तारेचं टोकन् टोक घासलं. बसायला दोन फळ्या लावल्या, एक उन्हात, एक सावलीत. एवढं लाडाचं काम त्याने माणसांसाठीही केलं नव्हतं.

रविवारी सकाळी महाराणीला गच्चीवर आणलं. तिने फळ्या हुंगल्या. नापसंत. मग ती जाळी चढली आणि काठाशी पोचली. तिथे तिला बाहेरच्या बाजूला वाकलेला हातभर रुंद, गुळगुळीत घासलेला रस्ता मिळाला. त्यावरून ती शेजारच्या पत्र्यावर उतरली, पत्र्यावरून गल्लीत, आणि दिसेनाशी झाली.

कोन बरोबर पंचेचाळीस अंशांचा होता. मृणालने स्वतः मोजला होता. चुकली होती ती बाजू. मांजर बाहेरून चढू नये म्हणून काठ नेहमी बाहेर वाकवायचा, ही हाताची सवय, आणि जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सगळा जन्म उखर्डू जाळीच्या एकाच बाजूला उभा होता.

मृणाल ओरडली नाही. ती खाली बसली आणि रस्त्यावरच्या ट्रकांचे हॉर्न ऐकत राहिली. ओरडली असती तर उखर्डूला बरं वाटलं असतं. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो जिना उतरला आणि बऱ्याच वर्षांनी रस्त्यात पळाला.

तो, लीला आणि मृणाल दोन तास शोधत होते. गटारी पाहिल्या, ट्रकांखाली वाकून पाहिलं. शेवटी महाराणी सापडली ती गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर. केळीच्या सडक्या दांड्यांवर बसून ती माशाचं डोकं खात होती. एवढ्या मोठ्या बुऱ्हाणपुरात तिला तीच जागा आवडली.

उखर्डूने तिला उचललं. हातावर चार ओरखडे घेतले. मृणालने रडतरडत हात पुढे केले, पण त्याने मांजर दिलं नाही.

"अशी नाही देता येत. उखर्ड्यावरून मी उचलली, आता ही माझी. सूपभर कोंडा दे अन् विकत घे."

"काका, ये क्या बोल रहे हो?"

लीलाला मात्र कळलं. ती कोंडा आणायला घरी गेली. मग उखर्डूने घसा खाकरला. "माझं नाव उमेश नाही बेटा. उखर्डू है." आणि सुपाची, शेजारणीची, तीन भावंडांची सगळी हकीकत सांगितली. ग्राइंडरपायी कान गेल्यामुळे तो मोठ्याने बोलतो, त्यामुळे अर्ध्या गल्लीने ती ऐकली.

मृणाल हसली नाही. गणिताच्या बाईने उत्तर तेवढं तपासलं. "आणि तुम्ही राहिलात?"

"त्रेसष्टावं चालू है."

लीलाने कोंडा आणला. मृणालने तो उखर्डूच्या पुढ्यात ओतला आणि मांजर घेतलं. महाराणीपद तिथेच रद्द झालं. मांजराचं नाव उखर्डी पडलं.

सोमवारी उखर्डूने चारी बाजूंचा काठ कापला आणि आतल्या बाजूला वाकवून पुन्हा जोडला. उखर्डीने तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी ती उन्हातल्या फळीवर बसली आणि गल्लीकडे तहसीलदारासारखी बघू लागली. आता खाते, अंगानेही भरली आहे. पाटीवर मात्र अजून यू. आर.च आहे. सगळंच एका आठवड्यात होत नाही.

ती पहिल्यांदा फळीवर बसली त्याच संध्याकाळी, दिवेलागणीला, वरून मृणालची हाक आली. "उखर्डेऽ, घरात ये!"

उखर्डूच्या कानांना शब्दाचं शेवटचं अक्षर ऐकू येत नाही. त्याने ग्राइंडर बंद केला, चष्मा काढला आणि उठून उभा राहिला. आईची इतकी आठवण त्याला तिच्या तेराव्यालाही आली नव्हती.

"अहो, ती मांजरीला बोलावू राहिली," लीला म्हणाली.

"माहीत है," उखर्डू म्हणाला, आणि शटर ओढून घरात गेला.