एकोणऐंशीवा भागाकार

पडदा सरकतो. समोर तिकीटखिडकी. तिच्यामागे हिरवा स्वेटर, कानावर पेन्सिल आणि खाली घातलेली मान. आमच्या थिएटरचे हे तिकीटवाले. आम्ही नटमंडळी त्यांना ‘भागाकार’ म्हणायचो.

दिवसाच्या पहिल्या तिकिटावरचा आकडा ते भागून बघत. दोनानं, तिनानं, पाचानं, सातानं, असं आकड्याच्या वर्गमुळापर्यंत. भाग गेला, तर आकडा ‘फुटला’; तोवर गेला नाही, तर ती मूळ संख्या; मग पुढे बघायची गरजच नाही. रंग लावायला बसण्याआधी आम्ही काचेवर टकटक करायचो, “फुटला का हो?” ते “नाही” म्हणाले की प्रयोग रंगणारच, असा आमचा समज. त्या “नाही”च्या जिवावर मी किती टाळ्या घेतल्या!

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, आमचे पोशाख शिवायची. ओठांत टाचण्या धरून म्हणायची, “लाखाचे आकडे फोडतात. घरात एक अक्रोड फुटत नाही यांच्याच्यानं!” ते गालातल्या गालात हसत.

वहिनीच्या हृदयाची शस्त्रक्रिया होती, त्या सकाळी मी सोबत होते. केसपेपरवर क्रमांक होता १६०८०१. संमतीची सही करून ते बाकावर बसले आणि केसपेपर उलटा केला.

“चारशे गुणिले चारशे... एक लाख साठ हजार. म्हणजे चारशेपर्यंत पुरे,” असं काहीसं पुटपुटत भागू लागले. अठ्ठ्याहत्तर भागाकार झाले. शेवटचा तीनशे सत्त्याण्णवचा. बाकी उरलीच.

नर्स बाहेर आली. “काका, दहा मिनिटांत नेतोय. भेटून घ्या. काकू विचारताहेत.”

“परत आली की भेटतो. तिला म्हणावं, फुटत नाही.”

मीही मान डोलावली. ‘उठा’ म्हणायला हवं होतं मी.

वहिनी परत आली नाही.

पंधराव्या दिवशी ते खिडकीत हजर. तोच स्वेटर, कोपरावर वहिनीनं लावलेलं ठिगळ. चेहऱ्यावर काहीच नाही. माझंही आतून काही हलत नव्हतं. सवयीनं टकटक केली, सवयीनंच तोंडून गेलं, “फुटला का हो?” आणि जीभ चावली.

त्यांनी खिडकीतून केसपेपर सरकवला. मागच्या बाजूला अठ्ठ्याहत्तर ओळी. त्यांच्याखाली ताज्या पेन्सिलीची एक: ४०१ × ४०१.

“वरचे आठशे एक मी धरलेच नव्हते. घाईत.”

जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं म्हटलेली मी, माझं म्हणून एवढंच सुचलं, “अहो, आकड्यानं का कुणाचं काही होतं? सही तर करायचीच होती.”

“हो. ती करायचीच होती.”

एक गिऱ्हाईक आलं. त्यांनी त्याला तिकीट फाडून दिलं, मधली रांग दाखवली. मग केसपेपर परत आत ओढून घेतला.

“फुटतो हे कळलं असतं, तर आत गेलो असतो, बाई.”