बावड्याच्या गाडीचा डबा

बिरू माझा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या पाठचा. आधीच सांगून टाकतो, न्हायतर निम्म्यातनं इचाराल, एवढं कौतुक चाललंय कुणाचं? माझी शाळा सातवीत सुटली, मी ट्रॅक्टरवर बसलो. पण बिरू बारामतीच्या कॉलेजात बी.ए.ला व्हता, अन् चौऱ्याण्णव साली बावड्यापासनं बारामतीपातूर त्येच्या तोडीचं पोरगं नव्हतं. असलं तर माझ्यापुढं आणून हुबं करा.

बारामतीत त्यो खोली करून ऱ्हायचा. जोडीला वडगाव निंबाळकरचा युनूस. युनूसच्या वडलांचं बांगड्यांचं दुकान, त्येच्यामुळं गिऱ्हाइकाला बोलण्यात गुंतवून हात दाबायची कला पोराच्या रक्तातच. समोरच्याला कळायच्या आत बांगडी चढलेली असायची.

बिरूचा जीव सगळा एका डब्यात. आमची आई, द्वारकाबाई, कोंबडं आरवायला भाकऱ्या थापायची. आमचे वडील, आप्पा, डबा निळ्या फडक्यात बांधून बावड्याच्या स्टँडवर एसटीच्या कंडक्टरकडं द्यायचे. ड्रायव्हरच्या मागं अशा डब्यांची थप्पी लागायची. गाडी इंदापूर, पिंपळी करत बारामतीला आली की पोरं डब्यावर तुटून पडायची, अन् रिकामा डबा सांजच्या गाडीनं माघारी गावाला. बिरूला तर खोलीत बसून कळायचं. "आली. आज म्हातारा ड्रायव्हर हाय, गियर रडवतोय." खाली जाऊन बघावं तर म्हाताराच.

एकदा फडकी सारखी निघाली अन् डबं बदललं. बिरूच्या वाट्याला कुण्या पोटाच्या आजाऱ्याची बिनमिठाची खिचडी आली. आजाऱ्यानं आईचा ठेचा खाल्ला. आठवड्यानं त्यो मानूस बिरूला हुडकत खोलीवर आला. "तुमच्या आईला म्हणावं, आनखी एक डाव चूक हुंद्या." असा आमच्या घरचा ठेचा!

पण बिरूची खरी करामत गळ्यात. नक्कल! कोंबडा, रेडकू, डिझेल इंजिन, कॉलेजातलं सर, काय सांगाल ते. आमच्या आज्ज्यापातूर मेंढरं व्हती घरात, आप्पांचं निम्मं आयुष्य कळपामागं गेलं, त्यो गळा तितनंच आला. म्हंजी माझ्याकडं बी हाय, पण मी कुठं दाखवत बसत न्हाय.

ह्याच गळ्यानं घोळ केला. त्येच्या आदल्या उन्हाळ्यात आमच्या भनीच्या, सुकन्याच्या लग्नात बिरूनं नवरदेवाच्या मामाची नक्कल केली. मामा बोलताना शब्दागणिक नाक वढायचे. मांडव हसून लोळला, अन् मामा मागंच हुबे! आप्पांना भर मांडवात हात जोडावं लागलं. वऱ्हाड गेल्यावर आप्पा बिरूला म्हनले, "लोकांना वेडावून दाखवायला शिकवत न्हाय तुला. पुन्यांदा मानसाची नक्कल केल्याचं माझ्या कानावर आलं, तर दुसऱ्या दिशी डबा येनार न्हाय. डबा आला न्हाय की समजून जायाचं. वळकटी बांधायची अन् घरी यायचं, कॉलेज संपलं."

आप्पा बोलले म्हंजी दगडावरची रेघ. बिरूनं वर्सभर तोंडाला कुलूप घातलं.

अन् आलं गॅदरिंग, कॉलेजच्या मैदानावर मांडव घालून. गॅदरिंगात फिशपाँड असायचा. म्हंजी कुनीबी नाव न घालता टोमणा लिहून टाकायचा अन् त्यो माईकवरनं वाचायचा. बिरूला पडला, "पोरगी न्हाय दिसली तरी चालंल, पर बावड्याची गाडी दिसली पायजे!" सगळं कॉलेज खिदळलं. बिरू बी हसला. तेवढ्यात माईकवरनं पुकारा झाला, "आता नकला सादर करतोय, बिरू कोळेकर!"

बिरूनं युनूसकडं बघितलं. "माझं नाव कुनी दिलं रं?"

"मीच. चार दिस झालं."

"मुडद्या, माझा डबा बंद व्हईल!"

"आप्पा बावड्यात, तू बारामतीत. अन् जनावराची कर की! मानसाची नगं म्हनलेत ना? म्हशीचा मामा यतोय व्हय भांडायला?"

चढली बांगडी! बिरू स्टेजवर.

आता मी तितं नव्हतो. पण युनूसनं सांगितलंय, अन् युनूस खोटं बोलत न्हाय, वाढवतो तेवढं.

कोंबडा झाला, म्हस झाली. पोरं पेटली. मागनं आरडायला लागली, "मानूस! मानूस पायजे!" त्यात कुणीतरी "कंडक्टर!" म्हनलं अन् बिरूचा तोल गेला. तोंडात तंबाखू धरल्यागत हनुवटी वर केली, बोटांनी तिकिटाचा चिमटा वाजवला, टिक टिक टिक, अन् बावड्याच्या गाडीचे कंडक्टरमामा स्टेजवर हुबे ऱ्हायले. "च्यला फुडं सरका! आत मैदान मोकळं हाय! ओ पावनं, कोंबडीला मांडीवर घ्या, तिचं तिकीट न्हाय काढलं!" रोज त्याच गाडीतनं येणारी पोरं खुर्च्यांवर चढून नाचायला लागली.

"वन्समोर! वन्समोर!"

भानावर आला तसा बिरू घाबरला. मानसावरनं लोकांचं ध्यान काढावं म्हनून त्येनं झटक्यात शेवटचा आयटम घेतला: आईपासनं चुकलेलं मेंढीचं कोकरू. डोळं मिटलं अन् असं काळीज पिळून वरडला, की पुढच्या रांगेतल्या मॅडमनी डोळ्याला पदर लावला.

आता झालं काय, की मैदानाच्या कडंच्या रानात फलटणकडच्या एका मेंढक्यानं मेंढरं बसवली व्हती, खतासाठी. अन् कर्ण्याचं तोंड नेमकं तिकडंच. मेंढीला कोकराचा आवाज म्हंजी काय, ती कुंपण बघंल का कनात? पयली एक घुसली कनातीखालनं. तिच्यामागं धा. मग सगळा कळपच मांडवात! पोरी खुर्च्यांवर, सर टेबलावर. एक मेंढा थेट स्टेजवर चढला अन् हारतुऱ्यांचं ताट खायला लागला. बिरू माईकवरनं कळपाला हाकारायला लागला, पर घाबऱ्या मानसाचा आवाज मेंढरू ऐकतंय व्हय? ती नुसती गोल फिरायला लागली.

अन् मांडवाच्या मागल्या दारातनं हाळी आली.

"ट्रर्रर्र हाऽऽ... हाऽऽ... हिर्र!"

मेंढरांनी माना वळवल्या. बिरूनं बी वळवली. लाल पटका, काखंत पाण्याच्या मोटरीचा पंखा. आप्पा! मोटर दुरुस्तीला बारामतीत आलेले, कर्ण्यावर 'बिरू कोळेकर' ऐकून आत शिरलेले. किती येळ हुबे व्हते देव जाणं.

आप्पांनी आनखी एक हाळी दिली, पाठ फिरवली अन् चालायला लागले. सगळा कळप त्येंच्यामागं वळीनं भाईर. शाळंची पोरं जात न्हाईत अशी. मांडवाला वाटलं, हे बी ठरवलेलंच व्हतं. काय टाळ्या, काय शिट्ट्या! निवेदन करणारी योगिनी म्हनून पोरगी व्हती, ती तर माईकवरनं म्हनली, "दुसरे कलाकार कोण, त्यांनी आपलं नाव सांगावं!"

बिरू धावत भाईर गेला. आप्पांनी मेंढरं मेंढक्याच्या हवाली केली व्हती. पायाकडं बघत बिरू पुटपुटला, "आप्पा..."

आप्पांनी चेहऱ्यावरची रेघ हलवली न्हाय. "रिकामा डबा कुठाय?"

"खोलीवर."

"आन."

बिरूनं डबा आणला. आप्पांनी त्यो निळ्या फडक्यात बांधला, काखंत मारला अन् एसटी धरून गेले. 

युनूस म्हनला, "बिऱ्या, डबा नेला म्हंजी उद्या भरून देणारच की."

"तुला आप्पा ठावं न्हाईत. परत द्यायचा नसंल म्हनूनच सोता न्येला." अन् बिरूनं वळकटीची दोरी हुडकायला घेतली. त्या सांजंला युनूसनं आणलेली मिसळ बी त्येनं शिवली न्हाय. आमच्या बिरूनं मिसळ सोडली, म्हंजी बघा.

दुसऱ्या दिशी सकाळी दोघं स्टँडवर. गाडी लागली. पोरं आत घुसली. एकेक डबा गेला. थप्पी संपली. निळं फडकं न्हाय.

बिरू माघारी वळला तशी मागनं हाक आली. "ए कलाकार!" हनुवटी वर करून कंडक्टरमामा दारात हुबे. "माझी नक्कल करतोस म्हनं?"

बिरूनं इचारलं, "कुनी सांगितलं, मामा?"

"कुनी म्हंजी? तुझ्या बानं! काल सांजच्या गाडीत बसल्यापासनं इंदापूरपातूर सगळ्या शिटांना करून दाखवत व्हता. आज डबा द्यायला आला, तर स्टँडवर परत सुरू! च्यला फुडं सरका, आत मैदान मोकळं हाय! निम्मी गाडी तिकीट काढायचं सोडून हसतीया."

"अन्... डबा?"

"थप्पीत मावंना, म्हनून माझ्या शिटाखाली ठिवलाय."

मामांनी वाकून वढला. निळ्या फडक्यात पावणंरावळं आलं तरच काढायचा आमचा चार कप्प्यांचा डबा, पुरणपोळ्यांनी गच्च.

"अन् आप्पांचा निरोप हाय," मामा चिमटा वाजवत म्हनले. "कोकरू झ्याक केलंस, पर कंडक्टरची मान आनखी जराशी डावीकडं पायजे."