दसऱ्याला धुतलेल्या बाटल्या

विज्ञानाच्या सरांनी मला वाचवलं, हे आधी लिहितो. काय घडलं ते मागून.

सातवीतून शाळा सोडून मी फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यावरून यवतमाळला आलो आणि एका हायस्कुलात शिपाई लागलो. प्रयोगशाळा माझ्याकडे. नोकरी कच्ची, त्यामुळे जीव सदा टांगलेला. खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, औत, गाडी, बैलांचा साज धुऊन पुजायचा, ही घरची रीत. इथं औत कुठलं? मी कपाटातल्या औषधांच्या, रसायनांच्या बाटल्या घासून लखलखीत केल्या, कुंकू लावलं. खळीनं चिकटवलेल्या नावांच्या चिठ्ठ्या पाण्यात वाहून गेल्या.

सर आले. "काहून रे लेका, बाटल्यायले आंघोळ घातली काय?"

बाकीच्या त्यांनी पाहूनच ओळखल्या. दोन उरल्या, दोन्ही पाण्यासारख्या. एक आग विझवायला ठेवलेली, दुसरी नुसत्या गरम भांड्यानंही पेटणारी. अदलाबदल झाली असती तर शाळाच जळाली असती.

"सर, मले काढून टाकतीन ना?"

"वासावरून मी ओळखतो. पण तू डोळ्यानं पाह्य."

मैदानात दोन पणत्यांत त्यांनी थोडे थोडे थेंब टाकले, मला लांब उभं केलं आणि काठीला बांधलेली जळती काडी पुढं केली. पहिली पणती भपकन निळी पेटली, गंधकाची घाण सुटली. दुसरीत काडीच विझली.

"दोन्हीत कार्बनच आहे," सर म्हणाले. "तुमच्याकडं एकेक बैलवाले दोघं मिळून जोडी करतात ना?"

"हो, सावड करतो."

"तसंच हे. कार्बनजवळ चार बैल, गंधकाजवळ दोन, क्लोरीनजवळ एक. कोणी आपला बैल देऊन टाकत नाही, जोडी दोघायची. अन् सोबती किती ते नावातच. डाय म्हणजे दोन, टेट्रा म्हणजे चार. सल्फाइड म्हणजे गंधकवालं, क्लोराइड म्हणजे क्लोरीनवालं."

चिठ्ठ्यांवर रोज दिसणारी नावं आठवून मी बोटं मोजली. "मंग गंधकाचा वास आला, जळते ते कार्बन डायसल्फाइड. विझवते ते टेट्राक्लोराइड."

"लिही चिठ्ठ्या."

मी दोन्ही नावं लिहिली. तोच कार्बन, सोबती बदलले तर एकीकडं आग, एकीकडं आगीचा काळ! अंगावर काटा आला, तो आजही येतो.

मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, विचारलं, "बाटल्या धुवायला कोणी सांगितलं?"

"मीच," सर म्हणाले. बोलणी त्यांनी खाल्ली. मी खाली मान घालून चिठ्ठ्यांना खळ लावत राहिलो.

आता मॅट्रिकला बसणार, शास्त्र घेऊन. पास झालो की सरांना सोबत घेऊन मोठ्या सरांपुढं उभा राहीन, अन् बाटल्या मी माझ्याच मनानं धुतल्या होत्या, सरांनी सांगितलं नव्हतं, हे माझ्या तोंडानं सांगीन.