डब्यातला दुधी

मी आयुष्यात एकच दुधी भोपळा पिकवला आणि तो आमच्या घरात अजून कुणी विसरलेलं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी सेलूच्या शाळेत शेती हा विषय शिकवायचो. नांगरणी, पेरणी, काढणी, सगळं फळ्यावर. लग्न नुकतंच झालेलं. भाड्याच्या दोन खोल्या आणि मागं फरशीचं अंगण. फरशीत काय उगवणार? म्हणून मी डब्यांत बाग करायचं ठरवलं. तेलाचे डबे, फुटका माठ, चांगली बादली (गळकी सापडली नाही), हाताला लागेल त्याच्या बुडाला भोकं पाडून माती भरली. भांडी संपत चालल्याचं सुमन, म्हणजे माझी बायको, सांगत होती. मी तिला निचऱ्याचं महत्त्व सांगत होतो.

वांगी किडीनं नेली, टोमॅटो उन्हानं. बादलीतला दुधी मात्र न्हाणीच्या पत्र्यावर चढला आणि त्याला एक भोपळा धरला. मी तो रोज वितेनं मोजायचो.

तेवढ्यात पाथरीकडून सासरे आले. मी त्यांना मामा म्हणायचो. पाच एकर कसणारा माणूस. लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, शेतीचा मास्तर म्हणता, मग शेत कुठंय? ते माझ्या मनात सलत होतं. जयभीम झाल्याबरोबर मी त्यांना थेट वेलाखाली नेलं. त्यांनी भोपळा निरखला आणि चिरताना एक फोड चाखून बघायला सांगितलं. मी हसलो. कच्चा दुधी कोण चाखतं!

दुपारी भाजी पानात पडली. पहिलाच घास कडूजार. मी मामांकडं पाहिलं. ते शांतपणे जेवत होते. ते खातात म्हणून सुमन खात होती, दोघं खातात म्हणून मी. वर मामांनी आणखी मागून घेतली आणि मलाही आग्रह केला.

तासाभरात मामा पोट धरून उठले.

"सुमे, टमरेल दे गं."

टमरेलात कोथिंबीर होती.

सुमन माझ्याकडं बघत राहिली. मी धावत जाऊन कोथिंबीर उपसली, टमरेल विसळलं, पाणी भरलं. खालून पाच धारा लागल्या. निचरा उत्तम होता! शेवटी पाचही भोकांना पाच बोटं लावून मी मामांच्या मागं संडासाच्या दारापर्यंत गेलो. सासऱ्यांची इतकी जवळून सेवा दुसऱ्या कुठल्या जावयानं केली नसेल. मग सुमनचा नंबर, मग माझा. माझी भोकं धरायला कुणी आलं नाही.

संध्याकाळी तिघंही मीठ-साखरेचं पाणी पीत ओळीनं पडलो होतो. मी माफी मागितली.

"पयल्याच घासाला कळलं हुतं," मामा म्हणाले. "पण तुमी लय जीव लावला हुता. टाकू कसं?"

सुमन पोट धरून हसायला लागली. मग मामा. मग नाइलाजानं मी.

मामा आणखी दोन दिवस राहिले. त्यांनी शेणखत कालवलं, डबे पुन्हा भरले आणि मिरच्या लावून गेले. त्या अशा लागल्या, की गल्ली बघायला यायची.

"गुरुजी, तुमच्या हातच्या का?" लोक विचारायचे.

मी अशी बेतानं मान हलवायचो, की खोटंही बोललो नाही आणि खरंही कुणाला कळलं नाही.